जिवंत दगडाचं सर्टिफिकेट

यादी

सहलीला निघण्याआधी आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागात एक यादी निघते. ती मी आधी विद्यार्थी म्हणून उतरवून घेतली आणि नंतर अकरा वर्षं मास्तर म्हणून उतरवून दिली. तारामासा प्रत्येकी एक, समुद्रकाकडी प्रत्येकी एक, खेकडे दोन जातींचे, शंख-शिंपले पाच, प्रवाळ दोन जातींचं, जमल्यास तीन. हे सगळं गोळा करायचं, धुवायचं, फॉर्मेलिनमध्ये घालायचं, चिठ्ठी चिकटवायची आणि परीक्षेच्या टेबलावर मांडायचं. त्याला दहा गुण. पोरं पुस्तकातल्या पन्नास गुणांवर पाणी सोडतील, पण हे दहा सोडणार नाहीत, कारण ते हातोडीने मिळतात.

एरवी आम्ही कोकणात उतरायचो. त्या वर्षी मात्र सहल थेट रामेश्वराकडे न्यायची ठरली. एम.एस्सी.चे वर्ग मिळवायचे होते, त्यासाठी विद्यापीठाची समिती येणार होती, आणि समितीला दाखवायला संग्रहालयात प्रवाळ भरपूर पाहिजे, असं आमच्या विभागप्रमुखांच्या मनाने घेतलं होतं. मालवणला आम्ही दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा पाणी गढूळ, आणि हाती लागलं ते लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं. म्हणजे खरं सांगायचं तर मी अकरा वर्षं प्रवाळ शिकवत होतो आणि जिवंत प्रवाळ मी एकदाही पाहिलं नव्हतं. फळ्यावर रंगीत खडूने त्याचा उभा छेद काढायचो, पोरं वह्या भरायची, परीक्षेत तोच छेद परत यायचा. याची तेव्हा मला लाजही वाटत नव्हती.

दुष्काळाच्या वर्षी एवढ्या लांब सहल न्यावी का, यावर स्टाफरूममध्ये दोन दिवस वाद झाला. तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. छत्तीस विद्यार्थी, मी आणि दत्तूमामा. दत्तूमामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. कागलकडचे, पन्नाशी उलटलेले, प्राध्यापक बदलले तरी न बदललेले. फॉर्मेलिनचे कॅन, बरण्या, छिन्न्या, हातोड्या आणि चटणीचा एक भलामोठा डबा त्यांच्या ताब्यात होता. मिरजेपासून पुढे तिसऱ्या वर्गात जे काही झालं ते ज्याने तसा प्रवास केला आहे त्याला ठाऊक आहे, आणि ज्याने केला नाही त्याला सांगून पटणार नाही.

मंडपम

रामेश्वराचा पूल लागण्याच्या अलीकडे मंडपम. दोन्ही बाजूंना समुद्र, मधे वाळू, ताडाची झाडं आणि वारा. वारा असा की पहिल्या दिवशी माझी टोपी गेली ती गेलीच. आम्ही यात्रेकरूंच्या एका धर्मशाळेत उतरलो. रामेश्वराला निघालेली उत्तरेकडची कुटुंबं तिथे मुक्कामाला होती, बरोबर गंगेच्या पाण्याचे तांबे. आमच्या बरोबरचे फॉर्मेलिनचे कॅन पाहून एका म्हातारबाबांनी हात जोडले. त्यांना ते कुठल्या तरी तीर्थाचंच वाटलं असावं. मी खुलासा केला नाही.

जेवणाची मजा वेगळीच. केळीच्या पानावर भाताचा डोंगर आणि त्यावर सांबार. पोरांना दोन दिवस आवडलं, मग तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आठवणी निघू लागल्या. दत्तूमामांनी पहिल्याच घासाला निकाल दिला की हे लोक ह्यात तिखट घालायला विसरलेत, आणि डबा उघडला. खानावळवाल्याने कुतूहलाने चिमूटभर चटणी तोंडात टाकली आणि दोन तांबे पाणी प्यायला. मी जैन. दिवेलागणीच्या आत जेवण उरकतो. कॉलेजात या सवयीवरून माझी अकरा वर्षं टिंगल झाली आहे. या खानावळवाल्याला ना मराठी येत होतं ना हिंदी, पण मी मावळतीकडे बोट दाखवल्याबरोबर तो समजला, आणि रोज पाच वाजता माझं पान मांडून बसू लागला.

भाषेची अडचण मुरुगेसनने सोडवली. समुद्राजवळ त्याची चहाची टपरी. फौजेतून निवृत्त झालेला, काही वर्षं बेळगावात काढलेला. आम्हाला पाहताच "काय पावणं" म्हणाला, आणि त्यानंतर त्याला जे मराठी येत होतं ते सगळं शिव्यांचं होतं. बाकी कारभार हिंदीत. होड्याही त्यानेच ठरवून दिल्या.

खडकावर

सकाळी ओहोटीला आम्ही गेलो. होडीतून उतरलो तेव्हा पाणी कमरेपर्यंत, थोडं पुढे गेल्यावर मांडीपर्यंत. मी वाकून खाली पाहिलं.

प्रवाळ पांढरं नव्हतं. आमच्या संग्रहालयातलं पांढरं, सगळ्या पुस्तकांतलं पांढरं, म्हणून मी ते पांढरंच समजून चाललो होतो. इथे तपकिरी होतं, शेवाळी, पिवळसर, मधेच जांभळट. कुठे हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, टोकाला फिकट. कुठे ताटासारखं पसरलेलं. आणि मधे मधे बैलगाडीच्या चाकाएवढे गोल गोटे. असा एक गोटा वर्षाला गव्हाच्या दाण्याएवढाही वाढत नाही, हे मी वर्गात सांगत आलो होतो. आता त्याच्यापुढे उभा राहिल्यावर मनात हिशेब झाला. शिवाजी महाराजांच्या वेळी हा गोटा इथे होता, नारळाएवढा असेल. पाण्यातूनच मी त्यावर अलगद बोट टेकवलं. हजारो बारीक तोंडं एकदम मिटली आणि तेवढ्या जागेचा रंग उतरला. बोटाला बुळबुळीत काही लागलं. मी बोट काढलं. जरा वेळाने ती तोंडं भीत भीत पुन्हा उघडू लागली.

मला माझी आई आठवली. घरात तिला सगळे अव्वा म्हणतात. अव्वा दगडातही जीव मानते, मातीतही मानते, आणि सायन्सला गेल्यापासून मी तिला हसत आलो आहे. दरवर्षी मी सहलीला निघालो की ती उंबऱ्यात विचारते, "ह्या वक्ताला किती जीव मारणार हाईस?" दरवर्षी मी चप्पल घालता घालता काहीतरी बोलून वेळ मारून नेतो.

तर अशा जागी उभं राहून, असं सगळं मनात येऊन, मी काय केलं असेल? छिन्नी लावली आणि हातोडी घातली. पहिला घाव माझा. यादी होती ना. माझ्यामागोमाग पोरं सुटली. तासाभरात त्या पाण्यात छत्तीस हातोड्या वाजत होत्या. एक जण ओरडून दुसऱ्याला सांगत होता, मला फांदीवालं मिळालं, तुला मिळालं का. मोडलेल्या जागी पाणी दुधासारखं गढूळ होत होतं. मी सहल-प्रमुख म्हणून मोठ्या जागा पोरांना बोटाने दाखवत होतो. आज हे लिहिताना मला माझ्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

आमच्या एका होडीचा मालक काठीला टेकून हे सगळं पाहत होता. अंतोणी त्याचं नाव. साठीचा, काळा, हाडं दिसणारा मासेमार. त्याने मुरुगेसनला काहीतरी विचारलं. मुरुगेसन मला त्याचा अर्थ सांगायला तयार नव्हता. मी हट्टाला पेटलो तेव्हा खाली पाहत म्हणाला, "पूछता है, ये भी कंपनी का आदमी है क्या?"

मला राग आला. कसली कंपनी? आम्ही शिकलेली माणसं, विद्येसाठी इतक्या लांब आलेली. मी मुरुगेसनला सांगितलं, त्याला सांग, हे विद्यार्थी आहेत. मुरुगेसनने सांगितलं. अंतोणीने मान हलवली आणि पोरांची पोती होडीत चढवून घेऊ लागला.

वास

प्रवाळ संग्रहालयात ठेवण्यासारखं पांढरं करायचं तर आधी त्यातलं जनावर सडवावं लागतं. हे कुठल्या पुस्तकात ठळक लिहिलेलं नसतं. आम्ही पोती धर्मशाळेच्या परसात पाण्याच्या पिंपांत भिजत घातली आणि जेवायला गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वासाने धर्मशाळा उठली. गंगेचे तांबेवाले लोक नाकाला पदर लावून व्यवस्थापकाकडे गेले. तो धावत आला आणि विचारू लागला, अंदर मुर्दा है क्या. मी शास्त्रीय खुलासा करायला तोंड उघडलं, पण दत्तूमामांनी आधीच सांगून टाकलं की होय, मुडदेच आहेत.

भर उन्हात ती पोती आम्हाला मुरुगेसनच्या टपरीमागे वाहून न्यावी लागली. पोरं ओकारी दाबत होती. शेवटचं पोतं टाकून दत्तूमामा वाळूत बसले आणि म्हणाले, "सर, धा मार्कासाठी लई मोठं मढं झालं हे."

ढीग

कंपनी म्हणजे काय, ते अंतोणीने आपण होऊन दाखवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे तो मुरुगेसनला घेऊन आला आणि मला व दत्तूमामांना किनाऱ्याकिनाऱ्याने चालवत घेऊन गेला. गावाचं नाव मी लिहीत नाही. अंतोणीला तिथे राहायचं आहे.

जोतिबाच्या वाटेला खडीचे ढीग असतात तसे ढीग वाळूवर घातले होते. फरक इतकाच की ही खडी मरत होती. वरचे गोटे उन्हाने पांढरे पडलेले, खालचे अजून तपकिरी, ओले, आणि माश्या घोंघावत होत्या. आमच्या परसातला वास इथे पाऊण मैलभर पसरला होता. पाण्यात माणसं पहारी घेऊन उभी होती. एक जण बुडी मारून पहार लावायचा, दोघे तिघे हिसका द्यायचे, आणि महाराजांच्या वेळचा गोटा पाच मिनिटांत होडीत पडायचा. बायका डोक्यावरून ते वाहून आणत होत्या. एक लॉरी भरून उभी होती. इथून हे सगळं चुन्याच्या भट्टीला जातं, काही कारखान्याला जातं, मुरुगेसनने सांगितलं. पहारी चालवणारी माणसं आसपासच्याच वस्त्यांतली. अंतोणी दिसल्यावर त्यांनी माना वळवल्या. त्यांच्यावर काय रागवायचं? मासे कमी झाले म्हणून ते पहार धरायला आले होते, आणि पहारीमुळे मासे आणखी कमी होत होते.

पुढे गेल्यावर कंपनीने दोन वर्षांपूर्वी संपवलेली जागा अंतोणीने दाखवली. खालचा खडक गेला, लाट अडवणारं काही राहिलं नाही, समुद्र आत आला. ताडांची मुळं उघडी पडून झाडं आडवी झाली होती. तिथल्या लोकांनी दोनदा झोपड्या मागे घेतल्या आणि शेवटी उठून गेले. गोड्या पाण्याची विहीर होती, तिचं पाणी मी तोंडात घेतलं आणि थुंकलो.

अंतोणीची वस्ती त्याला लागून. तिच्यासमोरचा खडक अजून शाबूत होता. हे लोक माशांसाठी वेताचे पिंजरे लावतात, आणि पिंजरा वाहून जाऊ नये म्हणून त्यावर प्रवाळाचा तुकडा ठेवतात. मी खवचटपणे विचारलं, मग तुम्ही पण मोडताच की. अंतोणीने होडीतले दोन तुकडे माझ्या हातात दिले. झिजलेले, वाळूने घासलेले, केव्हाचे मेलेले. जिवंत गोट्याला हात लावला तर वस्ती दंड करते, तो म्हणाला. जिवंत कुठला आणि मेलेला कुठला, हे त्यांची लहान मुलं अंगठ्याने ओळखतात. माझ्या बी.एस्सी.च्या पोरांना ते ओळखता आलं नसतं, आणि दोष पोरांचा नव्हता.

आता कंपनीच्या ठेकेदाराने या वस्तीसमोरच्या खडकासाठी अर्ज केला होता. अर्जात लिहिलं होतं, दगड. दगड म्हटलं की मासेमारांचा संबंध संपला, खाणीचा परवाना, झालं. वस्तीचे लोक जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन सांगून आले की हे जिवंत आहे. अधिकारी हसला. म्हणाला, कुणा शिकलेल्या माणसाचा कागद आणा. दोन दिवसांनी त्याचा निकाल व्हायचा होता. हे सांगून झाल्यावर अंतोणी माझ्याकडे बघत राहिला. मुरुगेसन म्हणाला, "साहेब, आप प्रोफेसर है. आप लिख दो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. जो पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यात उभा आहे त्याचं म्हणणं हसण्यावारी न्यायचं, आणि ज्याने परवा पहिल्यांदा पाण्यात पाय घातला त्याच्या कागदाची वाट बघायची. आमच्या पंचगंगेत साखर कारखान्याची मळी सुटते, मासे उताणे होऊन घाटाला लागतात, आणि चौकशीला आलेला साहेब नाकाला रुमाल लावून विचारतो, हे मळीनेच मेले कशावरून? सगळीकडे एकच जात. कुंपण शेत खातं आणि वर शेताकडेच पुरावा मागतं.

परत येताना मी तावातावाने हे बोलत होतो. दत्तूमामा म्हणाले, "सर, आपुन बी त्येच केलंय की. त्येनी लारीनं न्हेत्यात, आपुन पोत्यानं."

संध्याकाळी मी सगळ्या हातोड्या गोळा केल्या आणि सांगितलं, आता एकही तुकडा मोडायचा नाही. पोरं कुरकुरली, गुणांचं काय म्हणाली. टपरीमागची पोती मात्र मी समुद्रात परत टाकली नाहीत. टाकून काही जिवंत होणार नव्हतं, हे खरं; आणि समिती येणार होती, हेही खरं.

लेटरहेड

रेल्वेच्या सवलतीसाठी माझ्याजवळ कॉलेजचं लेटरहेड आणि रबरी शिक्का होता. रात्रीचं जेवण नसल्यामुळे मला वेळही भरपूर. मी कंदिलाजवळ बसलो आणि इंग्रजीत सर्टिफिकेट लिहायला घेतलं. दोन पानं झाली. इतकं चांगलं मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. प्रवाळ हा प्राणी आहे, इथून सुरुवात. मग त्याची रचना, त्याचं अन्न, तो समुद्राच्या पाण्यातून चुना कसा काढतो, त्याचं घर कसं बांधतो. गोट्याचा आतला भाग म्हणजे मागच्या पिढ्यांनी बांधलेला शुद्ध चुन्याचा सांगाडा, आणि वरती जिवंत प्राण्यांचा पातळ थर. मग वाढीचा वेग, मग माशांशी संबंध, मग किनाऱ्याचं रक्षण. कुठेही मोघम नाही. पेपर तपासणाऱ्याने पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं उत्तर.

दत्तूमामांनी विचारलं, काय लिहिलं. मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, "येवढं कशाला, सर? जित्तं हाय, हात लावू नगासा, म्हणून लिवा आन् शिक्का मारा की."

मी त्यांना सांगितलं की साहेब लोकांना असं अर्धवट लिहून चालत नाही, शास्त्र म्हणजे शास्त्र. मी जरा रागावूनच बोललो. दत्तूमामांनी शिक्क्याला शाई लावून दिली आणि झोपायला गेले.

कचेरी

अंतोणी धुतलेलं धोतर नेसून आला होता, वस्तीतले चौघे बरोबर. बसमध्ये त्याने ते सर्टिफिकेट मागून घेतलं आणि वाटभर कापडात गुंडाळून छातीशी धरलं. त्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. उतरताना त्याने शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

अधिकारी सभ्य माणूस निघाला. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, तर त्याने खुर्ची दिली, कॉफी मागवली. अंतोणी आणि चौघे दाराशी उभे. ठेकेदार कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता, पांढऱ्या शर्टातला, कपाळाला विभूती. त्याने मला नमस्कार केला. अधिकाऱ्याने दोन्ही पानं सावकाश वाचली. लाल पेन्सिल काढली आणि दुसऱ्यांदा वाचताना दोन ठिकाणी रेघा ओढल्या. मला मनातून बरं वाटलं. माझ्या लिहिण्याखाली कुणी रेघ ओढावी असं आजवर झालं नव्हतं. ओढायचं काम नेहमी माझं.

तो इंग्रजीत म्हणाला, इतकं स्पष्ट कागदावर आजवर कुणी दिलं नव्हतं. मी म्हणालो, सत्य आहे ते लिहिलं. त्याने माझे आभार मानले. बाहेर आल्यावर मुरुगेसनने सगळ्यांना सांगितलं की साहेब खूश झाला. अंतोणीने माझे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. त्याच्या हातांना समुद्राचा वास होता. मी मोठेपणाने म्हणालो, यात काय, कर्तव्य आहे. वस्तीतल्या लोकांनी संध्याकाळी शहाळ्यांचा ढीग आणून टाकला. पोरांनी तो फस्त केला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही परतीच्या गाडीत बसलो.

कोल्हापूर

स्टेशनवरून प्रवाळाच्या पेट्या आधी माझ्या घरी उतरल्या, कारण रविवार होता आणि कॉलेजला कुलूप. अव्वा बाहेर आली. पेट्यांभोवती फिरली आणि विचारलं, "ह्यात काय हाय?"

"दगड," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. चार दिवसांपूर्वी कचेरीत ज्या शब्दाविरुद्ध दोन पानं लिहून आलो, तोच शब्द आईपुढे तोंडातून निघाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. अव्वाने वाकून पेटीचा वास घेतला. "मग सडल्यागत वास कसा येतोय?" ती म्हणाली, आणि पेट्या उंबऱ्याच्या आत घेऊ दिल्या नाहीत.

समिती आली. पांढरीशुभ्र प्रवाळं काळ्या मखमलीवर मांडली होती. सदस्यांनी चष्मे लावून चिठ्ठ्या वाचल्या, एवढा संग्रह अलीकडे पाहिला नाही म्हणाले, आणि एम.एस्सी.ची शिफारस झाली. विभागप्रमुखांनी पेढे वाटले. मी यादीतून प्रवाळ काढून टाकावं असं बैठकीत सुचवलं. त्यावर एक सहकारी म्हणाले, संग्रहालय भरल्यावर तुम्हाला बरं सुचलं. त्यांचं खरं होतं. नाकाने कांदे सोलणारा मी काही पहिला नव्हे. यादी आहे तशीच राहिली. पुढच्या वर्षी मी सहलीला गेलो नाही, एवढंच झालं. दुसरा गेला.

मुरुगेसनचं पत्र आलं ते पावसाळा संपता संपता. वाकड्यातिकड्या हिंदीत चार ओळी, आणि सोबत कचेरीच्या हुकमाची टंकलिखित नक्कल. ती मी स्टाफरूमच्या खिडकीत उभा राहून वाचली. कोल्हापूरच्या माननीय प्राध्यापकांनी दिलेल्या शास्त्रीय दाखल्यावरून, हुकमात म्हटलं होतं, असं स्पष्ट होतं की सदर गोट्यांचा जिवंत भाग म्हणजे केवळ वरचा पातळ थर होय. आतील सर्व भाग शुद्ध चुन्याचा असून निर्जीव आहे. सबब निर्जीव भाग काढण्यास परवानगी देण्यात येत आहे. मात्र ठेकेदाराने प्रथम वरचा जिवंत थर काळजीपूर्वक खरवडून वेगळा करावा, आणि नंतरच आतील दगड काढावा.

मी ते तीनदा वाचलं. मग मुरुगेसनच्या ओळी. काम सुरू झालं, त्याने लिहिलं होतं. बायका आधी घासण्यांनी गोटे खरवडतात, मग माणसं पहार लावतात. आठवड्यातून एकदा कचेरीचा माणूस येऊन खरवडलं की नाही ते बघून जातो. उधाणाच्या पहिल्या भरतीला वस्तीतल्या तीन झोपड्यांत पाणी शिरलं. अंतोणीची त्यांत एक.

त्या दिवशी मी कुणाकुणाला काय बोललो ते आठवत नाही. विभागप्रमुखांना बोललो, एका पोराची वही फेकली, दत्तूमामांवरही ओरडलो. ते उभे राहिले, ऐकून घेतलं आणि दार ओढून बाहेर गेले. मग मी त्या अधिकाऱ्याला इंग्रजीत सहा पानांचं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. त्याची पोच आली, त्यात पुन्हा एकदा माझ्या मोलाच्या सहकार्याबद्दल आभार होते.

मुरुगेसनच्या पत्राला मात्र मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्याला आता वर्ष होऊन गेलं. पत्राच्या शेवटी त्याने अंतोणीचा निरोप लिहिला आहे. अंतोणीने शिवी दिलेली नाही, नुकसानाचं काही म्हटलेलं नाही. त्याला इतकंच हवं आहे की प्रोफेसरसाहेबांनी त्या कागदावर काय लिहिलं होतं, ते कुणीतरी त्याला एकदा वाचून दाखवावं. त्या सर्टिफिकेटची मी ठेवलेली नक्कल माझ्याजवळ आहे. मी ती अनेकदा काढून वाचली, कुठेतरी माझं चुकलं असेल म्हणून शोधत. दोन पानांत एक चूक नाही.